शाळेत औषध द्यायचं कसं? सीमाभागातल्या शाळांसाठी प्रशिक्षणाची पद्धत

सकाळी साडेनऊला एखादी आई शाळेच्या फाटकाशी येते. वहीच्या कागदात गुंडाळलेली पांढरी गोळी हातावर ठेवते आणि म्हणते, “गुरुजी, दुपारचं जेवण झालं की एवढी घाला त्याला. मी भांगलणीला चाललेय.” गोळीवर नाव नाही, कागदावर काही लिहिलेलं नाही. आई घाईत, घंटा होत आलेली. आपण गोळी खिशात टाकतो.

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांतल्या शाळांत नोकरी केलेल्या कुणालाही हे नवीन नाही. मीही वर्षानुवर्षं असंच केलं. मग एके दिवशी तिसरीतल्या एका मुलाला मी तापाचं औषध दुसऱ्यांदा पाजलं. बाईंनी अर्ध्या तासापूर्वीच दिलं होतं आणि त्या वर्गावर गेल्या होत्या. लिहिलेलं कुठंच काही नव्हतं. मुलाला काही झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून एकच सूत्र धरलंय. शिक्षकानं औषध ठरवायचं नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं, पालकांनी सही करून दिलेलं, तेवढंच द्यायचं आणि दिल्यादिल्या लिहायचं. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ गोड शब्दांत “नाही” म्हणायला शिकवण्यातच जातो, आणि तो जायला हवा.

आधी शाळेतली औषधं कमी करा

बहुतेक गोळ्या शाळेत यायचं कारणच नसतं. दिवसातून दोनदा घ्यायचं औषध सकाळी घरून निघताना आणि रात्री जेवताना बसतं. फिट्सची नेहमीची औषधं बऱ्याचदा अशीच दोन वेळची असतात. तीन वेळचं असेल तर पालकांना सांगा, “डॉक्टरांना विचारा, दुपारचा डोस शाळा सुटल्यावर दिला तर चालेल का?” पुष्कळदा चालतं. या एका प्रश्नानं यादी निम्म्यावर येते.

मग उरतात ती खरी कामं: दुपारीच द्यावा लागणारा डोस, दम्याचा पंप, मधुमेही मुलाचं इन्सुलिन, फिट आल्यावर द्यायचं औषध आणि सरकारी कार्यक्रमांतल्या गोळ्या. प्रशिक्षण एवढ्यासाठीच. डोकं दुखतंय म्हणून मुख्याध्यापकांच्या कपाटातली गोळी देणं यात बसत नाही. ते बंदच करा. सर्दीखोकल्याचं औषधही शाळेनं स्वतःहून ठेवू नये. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित कफ सिरपनं लहान मुलं दगावली, ते विसरण्याजोगं नाही.

कुणाला शिकवायचं

प्रत्येक शाळेत दोघांना. एक रजेवर असला तर दुसरा. जबरदस्ती नको. ज्याला सुई बघून घेरी येते त्याला इन्सुलिनच्या मुलापाशी बसवण्यात अर्थ नाही. नेमणूक मुख्याध्यापकांच्या लेखी आदेशानं व्हावी आणि एसडीएमसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळा समितीच्या, बैठकीत त्याची नोंद असावी. पुढे काही वाकडं झालं तर “तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” हा प्रश्न एकट्या शिक्षकावर येऊ नये, म्हणून हे. अक्षर दासोहच्या, म्हणजे दुपारच्या शालेय जेवणाच्या, स्वयंपाकीणबाईंवर ही जबाबदारी ढकलू नका. त्या प्रेमानं देतील, पण ते त्यांचं काम नव्हे.

बाकी सगळ्या शिक्षकांना तासाभराचं वेगळं सत्र द्या: फिट आली, दम लागला, साखर उतरली तर काय करायचं. मूल कुणाच्या तासाला पडेल ते सांगता येत नाही.

शिकवायला प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा सिस्टर यांना लेखी पत्र देऊन बोलवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा त्यांच्याकडूनही अर्धा दिवस मागून घेता येतो. मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवून प्रशिक्षण उरकू नका. हातानं करून पाहिल्याशिवाय हे काम येत नाही.

चिठ्ठी, आणि आपल्याकडचा भाषेचा घोळ

शाळेच्या अर्जात एवढं हवंच: मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, इयत्ता, वजन, औषधाचं नाव आणि ताकद, किती द्यायचं, कधी, कसं, किती दिवस, कशाची ॲलर्जी आहे का, डॉक्टरांची सही आणि पालकांची सही. पालकांचे दोन फोन नंबर घ्या. आपल्याकडे आईवडील गोव्याला किंवा पुण्याला कामाला आणि मूल आजीपाशी, ही घरं कमी नाहीत. आजी अंगठा उठवणार असेल तर अर्ज तिला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि आईवडिलांशी फोनवर बोलून तसं अर्जावर लिहा.

आता सीमाभागाची खास अडचण. डॉक्टर गडहिंग्लज-कोल्हापूरचे असले तर चिठ्ठी मराठी-इंग्रजीत, बेळगावच्या दवाखान्यातली इंग्रजीत, आरोग्य केंद्रातली सूचना कन्नडमध्ये. शाळेत काही शिक्षक मराठी, काही कन्नड. यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, आकडे. हातानं लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. मराठी शिक्षकानं लिहिलेली “१ गोळी” कन्नड शाळेत शिकलेल्या सहकाऱ्यानं नऊ म्हणून वाचली तर? तो नऊ गोळ्या देणार नाही हो, पण “१ मिली”चं नऊ मिली सहज होऊ शकतं. म्हणून मात्रा नेहमी इंग्रजी आकड्यात लिहा आणि शेजारी अक्षरात, मराठी आणि कन्नड दोन्हींत. “अर्धी” असेल तर अपूर्णांक न लिहिता शब्दच लिहा.

दुसरं, शब्द. मराठीत मात्रा म्हणजे डोस, कन्नडमध्ये मात्रे म्हणजे गोळी. आरोग्य केंद्रातून फोनवर “अर्ध मात्रे कोडि” असं सांगितलं तर त्याचा अर्थ अर्धी गोळी द्या. नेहमीचा डोस दोन गोळ्यांचा असेल आणि आपण “अर्धी मात्रा” असं ऐकलं तर एक गोळी देऊ, म्हणजे दुप्पट. फोनवर ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा आणि समोरच्याकडून “हो” वदवून घ्या. औषधाच्या खोलीत भिंतीवर चार शब्द लावून ठेवा: ऊटद मोदलु म्हणजे जेवणाआधी, ऊटद नंतर म्हणजे जेवणानंतर, बेळिग्गे किंवा मुंजाने म्हणजे सकाळी, हनि म्हणजे थेंब. थेंब आणि मिली यांची गल्लत जीवघेणी ठरू शकते.

तिसरं, नावं. एका वर्गात तीन पाटील आणि त्यातले दोघे एकाच नावाचे, हे आपल्याला काय सांगायचं? मुलाचा फोटो अर्जावर चिकटवा. औषध देताना “तू अमुक ना?” असं विचारू नका, मुलं मान डोलावतात. “तुझं नाव काय? बाबांचं?” असं विचारा.

औषध शाळेत घेताना

परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांत “मूळ लेबल लावलेली बाटली घ्या” असं असतं, त्यावर दुकानदारानं रुग्णाचं नाव छापलेलं असतं. आपल्याकडे मेडिकलवाला कात्रीनं चार गोळ्या कापून छोट्या पाकिटात घालतो आणि वर पेनानं १-०-१ मारतो. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं नाव असतं, कधी मुदतीची तारीख असते, दोन्ही एकत्र क्वचितच. त्यामुळे नियम असा: नाव, ताकद आणि मुदत तिन्ही दिसत असतील तेवढाच पट्टीचा तुकडा घ्यायचा. पालकांना आधीच सांगा की दुकानदाराकडे पूर्ण पट्टी मागा आणि बिल ठेवा. सुटी गोळी, कंपासपेटीतून आलेली, रुमालाच्या टोकाला बांधलेली, कधीच नाही. आईला वाईट वाटतं. बसवून चहा द्या, डॉक्टरांशी फोनवर बोला, पण ती गोळी घेऊ नका.

औषध मोठ्या माणसानंच आणून द्यावं. त्याच्यासमोर गोळ्या मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा, दोघांनी सही करायची. पाण्यात कालवायची अँटिबायोटिकची पावडर घरूनच खुणेपर्यंत कालवून यावी आणि बाटलीवर कालवल्याची तारीख असावी. अशी औषधं बहुधा आठवडाभरच टिकतात.

ठेवायला कुलपाचं लोखंडी कपाट, उन्हापासून लांब, गॅसच्या शेगडीजवळ तर नाहीच. प्रत्येक मुलाचा वेगळा डबा, त्यावर फोटो. पंप आणि फिटचं औषध मात्र कुलपात नको. ते वर्गातच, शिक्षकाच्या हाताशी, मुलांच्या हाताबाहेर. दम लागलेलं मूल किल्ली शोधेपर्यंत थांबत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहावं लागतं, ते घरीच ठेवू द्या. वापरातलं साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं, पण खोली ३० अंशांच्या आत हवी. अथणी-चिकोडीकडच्या मार्चमध्ये ते कठीण. मातीच्या माठात, कोरड्या डब्यात ठेवलं तर काम भागतं. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

प्रशिक्षणाचा दिवस

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक पूर्ण दिवस काढा. भाषणं तासाभरात संपवा आणि टेबल मांडा.

पहिला खेळ चमच्यांचा. सगळ्यांना घरून चहाचा चमचा आणायला सांगा. कोकमच्या सरबतानं चमचा भरून इंजेक्शनच्या, अर्थातच सुईविना, सिरिंजमध्ये ओढून मोजायला लावा. कुणाचा चमचा तीन मिलीचा निघतो, कुणाचा सहाचा. खोलीत हशा होतो आणि “दोन चमचे पाजा” हे वाक्य तिथंच कायमचं बाद होतं. पुढे सगळं मोजमाप औषधासोबतच्या टोपणानं किंवा सिरिंजनं. टोपण डोळ्यांच्या पातळीला धरून वाचायचं.

दुसरा खेळ तापाच्या औषधाचा. पॅरासिटामॉलच्या तीन रिकाम्या बाटल्या ठेवा. एकीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीवर १ मिलीत १०० असं लिहिलेलं असतं. विचारा, प्रत्येकीतून ५ मिली दिलं तर पोटात किती गेलं? उत्तर १२०, २५० आणि ५००. मुलांना हे औषध एका वेळी सहसा दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ३००. थेंबांच्या बाटलीतून “नेहमीसारखं टोपणभर” पाजलं तर हे मूल मर्यादेबाहेर गेलं. हा हिशेब शिक्षकांनी डोस ठरवावा म्हणून करून घ्यायचा नाही. डॉक्टरांनी “५ मिली” लिहिलंय आणि पालकांनी वेगळ्याच ताकदीची बाटली आणलीय, हे डोळ्यांना खटकावं म्हणून. खटकलं की थांबायचं आणि फोन करायचा.

तिसरा खेळ नाटकाचा. एक शिक्षिका आई होते, दुसरी शिक्षक. आई चिठ्ठीशिवाय गोळी द्यायचा हट्ट करते, रडते, “मागच्या सरांनी घेतली असती” म्हणते. शिक्षकानं नाही म्हणायचं, पण पर्यायही द्यायचा: दुपारी घरातलं कुणी येऊन स्वतः देऊन जाऊ शकतं. हे नाटक सगळ्यांना सोपं वाटतं आणि बहुतेकांना जमत नाही. दोनदा करून घ्या.

शेवटी प्रत्येकानं प्रशिक्षकासमोर सगळी कृती एकट्यानं करून दाखवायची. जमली तरच नाव यादीत. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तासाभराची उजळणी.

रोजची कृती

हात धुवा. एका वेळी एकच मूल आत. त्याचं नाव त्याच्या तोंडून ऐका, फोटो पाहा. अर्ज काढा, पट्टीशी जुळवा. वहीत पाहा, आज आधीच दिलंय का? माझी चूक इथंच झाली होती. मग मुलाला विचारा, “आज सकाळी घरी काही औषध घेतलंस? काही वेगळं होतंय?” गोळी तळहातावर न काढता टोपणात काढा. पाणी द्या, गिळेपर्यंत समोर थांबा, लहान असेल तर तोंड उघडून दाखवायला सांगा. लगेच वहीत लिहा. “पाच जणांना देऊन मग एकदम लिहितो” हे चालणार नाही.

औषधाला चॉकलेट म्हणू नका. तेच मूल उद्या आजोबांच्या बीपीच्या गोळ्या चॉकलेट म्हणून खातं.

वहीत रकाने असे: तारीख, वेळ, नाव व इयत्ता, औषध, किती दिलं, देणाऱ्याची सही, शेरा. पेनानं लिहा, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा. मुलानं नकार दिला, ओकलं, गैरहजर होतं, तेही शेऱ्यात. ओकल्यावर आपल्या मनानं दुसरी गोळी द्यायची नाही, आधी पालक किंवा डॉक्टर. गोळी मोडायची, कुटायची असेल तरी तसं चिठ्ठीत हवं, काही गोळ्या मोडल्या की एकदम विरघळतात आणि दिवसभराचं औषध तासात अंगात जातं.

सरकारी गोळ्या

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी येते. दोन वर्षांवरच्या मुलांना एक, एक ते दोन वर्षांच्या अंगणवाडीतल्या बाळांना अर्धी कुटून. चावून खायला लावा, आख्खी गिळायला सांगून ठसका लावू नका. आजारी मुलाला त्या दिवशी नको, त्याच्यासाठी नंतर फेरी असते. फिट येणाऱ्या मुलाबाबत आधी डॉक्टरांना विचारा. पोटात थोडं दुखणं, मळमळणं होऊ शकतं, विशेषतः जंत जास्त असतील तर. सावलीत झोपवा आणि लक्ष ठेवा. एकाला झालं की दहा जणांना होतं, म्हणून त्या मुलाला वर्गाबाहेर शांतपणे न्या.

लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, पहिली ते पाचवीला गुलाबी आणि सहावीपुढे निळी. जेवणानंतर द्या. क्षीर भाग्य योजनेत शाळेत मिळणाऱ्या दुधाबरोबर देऊ नका, दुधातला कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. चहाही तसाच. शौचाला काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चार आया घाबरून येतील. सुट्टीसाठी गोळ्या घरी द्यायची वेळ आली तर धाकट्या भावंडांच्या हाती लागू नयेत, हे ठासून सांगा. लहान बाळानं मूठभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं.

अचानक प्रसंग

फिट आली की घड्याळ पाहा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर ठेवा, आजूबाजूची बाकं सरकवा. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांतलं काही नाही. दातांत चमचा नाही, तोंडात पाणी नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल तर चिठ्ठीत सांगितलेल्या वेळेला, सांगितलेले फवारे. याचा सराव रिकाम्या बाटलीवर आधीच झालेला हवा.

दम्याची मुलं निपाणीकडे तंबाखूच्या धुळीनं आणि गुऱ्हाळांच्या हंगामात धुरानं जास्त बेजार होतात. मुलाला ताठ बसवा, झोपवू नका. पंप हलवा, स्पेसरला (औषध श्वासानं ओढायच्या पोकळ नळकांड्याला) लावा, एकच फवारा, पाच-सहा श्वास, मग पुढचा. किती फवारे ते चिठ्ठीत. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही काम होतं, सिस्टरांकडून शिकून घ्या. वाक्य पुरं बोलता येत नाही, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळे दिसतात, असं दिसलं की फोन करा आणि पंप चालू ठेवा.

मधुमेही मुलाला घाम, थरथर, अकारण चिडचिड, गोंधळ दिसला तर साखर उतरलीय असं धरा. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली, किंवा यंत्र नसेल तरी, तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी परत पाहा, मग काहीतरी खायला द्या. त्याला एकट्याला पाणी प्यायला किंवा घरी पाठवू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही. कुशीवर वळवा आणि १०८. इन्सुलिन मूल स्वतः घेत असेल तर शिक्षकानं समोर बसून आकडा वाचायचा आणि लिहायचा.

१०८ कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. निपाणी किंवा कोगनोळीकडून फोन केला तर आधी राज्य, तालुका, गाव सांगा. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात गाडी यायला वेळ लागतो. तिथल्या शाळांनी गावातल्या एका जीपवाल्याशी जूनमध्येच बोलून ठेवावं.

चूक झाली तर

होणारच. चुकीचं मूल, दुप्पट डोस, विसरलेला डोस. पहिलं काम मुलाकडे पाहणं. दुसरं, आरोग्य केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन. एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर फुकट सल्ला देतं. मुद्दाम ओकायला लावू नका, मीठपाणी पाजू नका. रिकामी पट्टी जपून ठेवा. मग पालक आणि मुख्याध्यापक, त्याच दिवशी, खरं काय ते. वहीत वेळेसह लिहा.

मुख्याध्यापकांना एक विनंती. चूक सांगायला आलेल्या शिक्षकावर ओरडलात तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही. बसून विचारा, कुठली पायरी सुटली? बहुधा वही उघडलेली नसते.

सहल आणि वर्षअखेर

सहलीला औषधं एकाच शिक्षकाच्या पिशवीत, अर्जाच्या झेरॉक्ससह. बसच्या डिकीत नाहीत.

परीक्षा संपल्या की कपाट रिकामं करायचं. उरलेलं औषध मोजून पालकांच्या हाती, वहीत दोघांची सही. दोन निरोप धाडूनही नेलं नाही किंवा मुदत संपली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. गटारात ओतू नका, कचऱ्याच्या ढिगात टाकू नका, शाळेमागच्या उकिरड्यावर पोरं आणि गुरं दोन्ही फिरतात. डब्यांवरचे फोटो काढून अर्जासोबत ठेवा, डबे धुऊन उन्हात वाळवा. जूनमध्ये नवे फोटो लागतील, मुलांचे चेहरे वर्षभरात बदलतात.